घड्याळ आणि एक युआन

पुणे, २३ नोव्हेंबर २०२५

चि. अद्वैत यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईघाईत विचारलंस, "आई, शांघायला जातोय, तर पार्कातल्या तुझ्या त्या आजींना काही न्यायचंय का?" मी म्हटलं, बघते. दोन दिवस झाले, मी बघतेच आहे. बाकरवडी, चिक्की, एक सुती ओढणी, इंदुरी काठाचा रुमाल, सगळं टेबलावर मांडून ठेवलंय आणि बाबा येता-जाता विचारतात की दुकानाचं उद्घाटन कधी. काय न्यायचं ते शेवटी सांगते. काय न्यायचं नाही ते आधी ऐक. घड्याळ नेऊ नकोस.

हसू नकोस. ह्यावर तू एकदा हसून झालेलं आहे. २०१९ची दिवाळी आठवते? बाबा ऑफिसात येणाऱ्या कुणा चिनी पाहुण्यासाठी भिंतीवरचं घड्याळ कागदात गुंडाळत होते आणि तू सोफ्यावरून म्हणालास, "अहो बाबा, चिनी माणसाला घड्याळ देतात का कधी? घड्याळ देणं आणि मयताला पोचवणं, दोन्हीचा उच्चार एकच. सोंग जोंग." (हे सोंग वेगळं. पुढे आणखी एक येणार आहे.) तुम्ही दोघं पोट धरून हसलात. मी आत जाऊन, कुकर लावलेला नसताना, ओट्यापाशी उभी राहिले. कारण २०१३च्या जूनमध्ये शांघाय सोडताना मी लाओशना, म्हणजे पार्कातल्या त्याच आजींना, घड्याळच दिलं होतं. तू तेव्हा शाळेत होतास.

ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. आता तू तिथेच चालला आहेस, तर पहिल्यापासून सांगते.

आपण २००९च्या एप्रिलमध्ये गेलो. तू आठ वर्षांचा. बाबा सकाळी सातला जायचे, तुझी बस सव्वासातला. नंतर मी आणि अठराव्या मजल्यावरची ती खिडकी. भाषा येत नाही, भाजीवालीला कोथिंबीर हवी हे हातवारे करून सांगायचं, आणि त्यात उजवा खांदा आखडलेला. हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालता येईना म्हणून केस कापले, ते तुला आवडले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते व्यायाम करा. कुठला, ते नव्हते म्हणाले.

जोंगशान पार्क घरापासून चालत दहा मिनिटांवर. पहिल्या दिवशी मी आत शिरले ती नुसती बघतच राहिले. कुणी उलटं चालतंय, कुणी झाडाच्या खोडावर पाठ आपटतंय, कुणी पक्ष्यांचे पिंजरे फांदीला टांगून गप्पा मारतंय. एक आजोबा झाडूएवढा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते आणि शेवटची ओळ लिहून होईपर्यंत पहिली वाळून जात होती. त्या मोठ्या चिनाराच्या पलीकडे वीसेक बायका आणि चार-पाच पुरुष एका रांगेत हात वर उचलत होते. आभाळाला टेकू द्यावा तसे. मी एका बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी चष्मा लावलेली एक ठेंगणी बाई आली, माझं मनगट धरलं आणि मला रांगेच्या शेवटी उभं केलं. बोलणं काही झालंच नाही. त्याच आपल्या लाओश.

लाओश म्हणजे शिक्षक, हे तुला मी काय सांगणार. पण मला सुरुवातीला फार गोंधळ व्हायचा. टॅक्सीवाल्याला तू शिफू म्हणायचास, नळ दुरुस्त करणाऱ्यालाही शिफू, आणि सिनेमात तलवारबाजी शिकवणारे म्हातारेही शिफूच. लाओशना मी एकदा शिफू म्हटलं तर त्यांनी हात हलवून नको म्हटलं. त्यांच्या लेखी शिफू म्हणजे फार मोठं नाव. लाओश म्हणून घ्यायलाही त्या खळखळच करायच्या. तिकडे १० सप्टेंबरला शिक्षकदिन असतो, १९८५पासून. त्या दिवशी कुणी फुलं आणली की त्या म्हणत, मी शिक्षक नाही, मी फक्त पुढे उभी राहते.

त्या जे करून घ्यायच्या त्याचं नाव बादुआनजिन. रेशमी जरीच्या वस्त्राचे आठ तुकडे. सोंग राजवटीतल्या लिखाणात हे नाव आलेलं आहे, म्हणजे आठ-नऊशे वर्षं तरी जुनं. यूए फेई नावाच्या सेनापतीनं आपल्या सैनिकांकडून ते करून घेतलं अशी दंतकथा आहे. दंतकथाच असेल, पण पार्कात ती सगळे छातीठोकपणे सांगतात, आपल्याकडे शिवाजी महाराजांनी अमक्या विहिरीचं पाणी प्यायलं असं सांगतात तसं. आठ हालचाली, आणि प्रत्येकीचं नाव सात अक्षरांची एक ओळ. सगळं मिळून बारा-तेरा मिनिटं.

त्या ओळी मला मराठीत आणून द्यायचं काम तुझ्याकडे होतं. शनिवारी तू स्कूटर घेऊन यायचास. शाळेत चिनी शिकायला लागून तुला चारच महिने झाले होते, पण आव असा की जणू राजदूत. "आई, आता डोकं हलवायचं आणि शेपूट हलवायची, मग हृदयाला लागलेली आग विझते." मी म्हटलं शेपूट कुठून आणू. तू लाओशना खरंच विचारलंस. त्यांनी माकडहाडावर बोट ठेवून दाखवलं, ही घे शेपूट. आणि शेवटची आठवी हालचाल. टाचा उचलायच्या आणि सात वेळा जमिनीवर सोडायच्या, की शंभर आजार पळाले. तुला शंभरची यादी हवी होती. लाओश हसून म्हणाल्या, ओळीत सात अक्षरं भरायची होती म्हणून शंभर.

हे मला तेव्हा गमतीचं वाटलं. आता इथे पुण्यात दोन दिवसांच्या शिबिरात चिनी प्राणऊर्जेनं मधुमेह घालवणाऱ्यांची पत्रकं हातात पडतात, शेवटी सोनेरी कडेचं प्रमाणपत्र, तेव्हा त्या वाक्याची किंमत कळते. माझ्या खांद्याचं लक्षात आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर मला रांगेतून बाहेर काढलं. तुझ्याकरवी विचारलं, डॉक्टरला दाखवलंस का, फोटो काढलास का. फोटो म्हणजे एक्स-रे हे कळायला आपल्याला पाच मिनिटं लागली. मी रिपोर्ट दाखवल्यावरच पुन्हा रांगेत घेतलं. त्यानंतर दोन महिने, सगळे आभाळ उचलत असताना, माझे हात छातीच्या वर न्यायला बंदी. जरा वर गेला की मागून येऊन एका बोटानं कोपर खाली. मला राग यायचा. वाटायचं बाकीच्यांसारखं करू द्या ना एकदा. नोव्हेंबरात एका सकाळी कोपर खाली करायला बोट आलं नाही आणि माझ्या लक्षात आलं की हात कानाच्या वर आहे. खांदा कशानं सुटला? आखडलेला खांदा दीड-दोन वर्षांत आपोआपही सुटतो असं नंतर इथले डॉक्टर म्हणाले. असेल. लाओशनीही श्रेय घेतलं नव्हतं. मी आनंदानं काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी दुसऱ्या खांद्याकडे बोट दाखवलं. तो वाकडा होता.

त्यांचा खांद्यांवर इतका डोळा का, ते मला बऱ्याच उशिरा समजलं. त्या सूचौ खाडीकाठच्या कापडगिरणीत होत्या, तंतू तुटला की जोडायच्या. नव्वदच्या दशकात शांघायच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, लाखो बायका घरी बसल्या, त्यांत ह्याही. हे ऐकलं आणि मला लालबागचे नानामामा आठवले. १९८२च्या संपानंतर ते गावी साताऱ्याला आले ते कायमचे. दुपारी ओट्यावर बसून नुसता उजवा हात हलवत राहायचे, साच्यावर असल्यासारखा. मी लाओशना हात हलवून मामांचं दाखवलं. त्यांनी लगेच तसाच हात हलवला. बस्स, एवढंच. पण त्यानंतर त्या मला स्वतःच्या थर्मासमधला चहा द्यायला लागल्या.

ह्या सगळ्या मोठ्या गोष्टी सांगणं तुझ्या आवाक्यातलं नव्हतं. त्या सांगायचे आपले बोटीवरचे आजोबा. मालवाहू बोटीवर वायरलेस सांभाळायचे आणि मुंबई बंदराला तीनदा लागून गेले होते. मुंबईबद्दल त्यांचं एकच वाक्य: फार उकडतं. त्यांच्या इंग्रजीत भाज्यांची नावं नव्हती पण समुद्राची सगळी होती. जून-जुलैत तिकडे आलुबुखार पिकतो तेव्हाचा रिपरिप पाऊस लागतो. त्या दिवसांत आम्ही पार्कातल्या मंडपात अडकून बसायचो, तेव्हा त्यांनी मला लाओशची गोष्ट तुकड्यातुकड्यानं सांगितली. लाओश शेजारी बसून ऐकायच्या. अधूनमधून डोकं हलवून नाही म्हणायच्या, बहुतेक ते वाढवून सांगत असावेत.

१९४९चा त्यांचा जन्म. १९६८-६९मध्ये शहरातल्या पोरांना खेड्यात पाठवायची लाट आली, त्यात त्यांना अगदी उत्तरेला हेइलोंगजियांगला धाडलं. दहा वर्षं शेतावर. १९७९ला परत आल्या, गिरणीत लागल्या, आणि तिथल्याच एका वयस्क कामगार बाईनं त्यांना ह्याच पार्कात उभं राहायला शिकवलं. ते दिवस म्हणजे छीगोंगचा, म्हणजे श्वास आणि हालचालींच्या असल्या व्यायामांचा, ताप चढलेले दिवस. प्रत्येक बागेत घोळके, प्रत्येक घोळक्यात कुणी ना कुणी चमत्कार करणारा. लाओशच्या बाईंनी त्यांना बजावलं होतं म्हणे, जो हात न लावता बरं करतो त्याच्यापासून लांब उभी राहा. पुढे १९९९मध्ये सरकारनं छीगोंगच्याच लाटेतून निघालेल्या फालुन गोंग नावाच्या पंथावर बंदी घातली आणि मग पार्कात दहा माणसं डोळे मिटून उभी दिसली तरी लोक बिचकायला लागले. लाओशनी गट बंद केला. चार वर्षं स्वयंपाकघरात, गॅस आणि फ्रिज ह्यांच्या मधल्या जागेत एकट्या करत राहिल्या. २००३ला सरकारच्याच क्रीडाखात्यानं बादुआनजिनसकट चार जुन्या पद्धती ठरवून दिल्या, पुस्तकं काढली, तेव्हा त्या पुन्हा चिनाराखाली आल्या. पहिल्या दिवशी तीन माणसं होती. त्यातले एक बोटीवरचे आजोबा.

ही बाग १९१४ला इंग्रजांनी केली आणि १९२८पर्यंत चिनी माणसाला तिच्यात पाय ठेवू देत नव्हते, हेही त्यांनीच सांगितलं. लाओशची आजी कुंपणाबाहेरून बघायची. आता कोण कुठे उभं राहायचं हे लाओश ठरवतात, आणि एक हिंदुस्थानी बाई त्यांचं ऐकते, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

आमच्या रांगेत नसलेली पण आमच्याच बायकांपैकी एक होती, तळ्याकाठी एकटी फेऱ्या घालायची. नाकानं दोनदा छोटा श्वास आत, एकदा बाहेर. शी-शी-हू, शी-शी-हू. तू तिची नक्कल करायचास आणि मी तुला रागावले होते. तिचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं होतं. ती जे करायची ते क्वो लिन नावाच्या बाईंनी बसवलेलं. क्वो लिन चित्रकार होत्या. त्यांना स्वतःला गर्भाशयाचा कर्करोग झाला, ऑपरेशनं झाली, तो परत उलटला, आणि त्यांनी घरच्या जुन्या पद्धती चाळून हे चालणं तयार केलं. १९७०च्या सुमारास, सांस्कृतिक क्रांती चालू असताना, असल्या जुन्या गोष्टींचं नाव काढायची चोरी होती तेव्हा त्या बीजिंगच्या बागेत लोकांना शिकवत होत्या. पोलिसांनी हुसकलं की दुसरीकडे. पैसे घेत नसत. १९८४ला गेल्या. त्या चालण्यानं कर्करोग बरा होतो असं लाओश कधी म्हणाल्या नाहीत, आणि तळ्याकाठच्या बाईनं एकदा औषध सोडायचा विचार काढला तेव्हा लाओश तिच्यावर इतक्या ओरडल्या की पिंजऱ्यातले पक्षी गप्प झाले.

सगळ्यांत जास्त मला ज्यांनी शिकवलं ते निळ्या टोपीचे आजोबा मात्र तुला फारसे आठवणार नाहीत. ते काही करायचेच नाहीत. आमचं आटोपलं की ज्यांना हवं त्यांनी थांबायचं आणि त्यांच्याबरोबर नुसतं उभं राहायचं. गुडघे किंचित सैल, हात समोर, झाडाला मिठी मारल्यासारखे. वीस मिनिटं. खांबासारखं उभं राहणं, असंच त्याचं नाव आहे. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या मांड्या थरथरायच्या. आजोबा मागून यायचे आणि म्हणायचे, "सोंग. सोंग." मला वाटायचं, ह्यांना कसं कळलं? कारण मी सोंगच करत होते, चेहरा शांत ठेवून आत आकडे मोजत होते. तू शनिवारी येऊन सांगितलंस की सोंग म्हणजे सैल सोड. पण मी तो शब्द अजून मराठीतच ऐकते. गच्चीवर उभी राहिले आणि दात आवळले गेले की आजोबा मागून म्हणतात, सोंग.

छांगशाला गेलो होतो आपण, २०११मध्ये, बाबांच्या कामाला जोडून. तुला तिथली दोन हजार वर्षांपूर्वीची मृत बाई आणि काळं कुजकं टोफू एवढंच लक्षात असणार. बाईला बघून तू रडलास आणि टोफूचे मात्र दोन द्रोण खाल्लेस. त्याच उत्खननात, शेजारच्या थडग्यात, १९७३ला एक रेशमी कापड सापडलं. इ.स.पूर्व १६८ला पुरलेलं. त्यावर चव्वेचाळीस माणसं काढली आहेत, कुणी वाकलेलं, कुणी हात वर केलेलं, बायका आणि पुरुष, म्हातारे आणि तरुण, काही नुसत्या कंबरेला गुंडाळलेल्या वस्त्रात. छीगोंग हे नाव त्या मानानं कालपरवाचं आहे, १९४९नंतर रूढ झालं. हपेइ प्रांतातल्या ल्यु क्वेईजन नावाच्या कार्यकर्त्याला पोटात व्रण झाला होता, त्यानं गावाकडे जाऊन एका जुन्या पद्धतीनं तो आटोक्यात आणला आणि मग सरकारी आरोग्यधामात ती शिकवायला घेतली. पण कापडावरची माणसं त्याच्याही दोन हजार वर्षं आधीची. तू माझा हात ओढत होतास आणि मी तिसऱ्या रांगेतल्या एका बाईच्या कोपराकडे बघत होते. तिचं कोपर कुणी खाली केलं असेल?

गुरुपौर्णिमेचा प्रसंग तुला आठवतोच, दर वेळी पाहुण्यांना तूच सांगतोस. पण तू सांगतोस त्यात शेवट नसतो. शांघायच्या एक्स्पोचं, त्या जागतिक प्रदर्शनाचं वर्ष होतं ते, २०१०. शांघायच्या लोकांनी रात्रीच्या पायजम्यात रस्त्यावर फिरू नये म्हणून पालिकेनं मोहीम काढली होती आणि आमच्या रांगेतल्या दोन आजी तरीही पायजम्यातच यायच्या. तुला सुट्टी होती. मी नारळाच्या वड्या केल्या, लाओशच्या हातात डबा दिला आणि वाकले. त्या झटकन मागे सरकल्या, जमिनीवर बघायला लागल्या. तू म्हणालास, "आई, त्या विचारतायत तुझं काय पडलं?" सगळी रांग खाली वाकून माझं पडलेलं शोधायला लागली. मग तू काहीतरी समजावून सांगितलंस आणि सगळे इतके हसले की निळ्या टोपीच्या आजोबांनीसुद्धा डोळे उघडले. काय सांगितलंस ते मला अजून कळलेलं नाही.

तुझी गोष्ट इथे संपते, कारण तू स्कूटर घेऊन गेलास. नंतर बोटीवरच्या आजोबांनी मला विचारलं की हे तुमच्याकडे दरवर्षी करतात का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, आमच्याकडे पूर्वी शिष्य व्हायचं तर तीन वेळा कपाळ जमिनीला टेकायचं आणि गुरूला चहा द्यायचा. आता कोण करतो. आणि गुरू तरी कुठले सगळं द्यायचे? मांजरानं वाघाला सगळं शिकवलं, फक्त झाडावर चढायचं तेवढं शिकवलं नाही, म्हणून ते वाचलं. मी म्हटलं आमच्यात मांजर वाघाची मावशी असते. त्यांना ते भयंकर आवडलं, त्यांनी लगेच लाओशना सांगितलं. लाओश म्हणाल्या, मला स्वतःलाच झाडावर चढता येत नाही, तेव्हा मागे ठेवायचा प्रश्न नाही. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी आपला थर्मास माझ्यापुढे धरला. मी झाकणात चहा ओतला आणि दोन्ही हातांनी दिला. त्यांनी तो उभ्यानं पिऊन टाकला. बोटीवरचे आजोबा इंग्रजीत म्हणाले, "झालं."

काय झालं ते मी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून लाओश माझ्यावर दुप्पट ओरडायला लागल्या.

चार वर्षं. एकदाही फी नाही. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात महिन्याला दहा युआन टाकायचे, ते स्पीकरच्या सेलसाठी. उरले तर वर्षाच्या शेवटी सगळ्यांना सोयाबीनचं गरम दूध आणि योथ्याव, म्हणजे पिठाच्या तळलेल्या लांब कांड्या.

आणि मी निघताना काय दिलं? घड्याळ. लाओशकडे वेळ बघायला नीट काही नसायचं, स्पीकरवरचा आकडा नेहमी चुकलेला, म्हणून मला वाटलं ह्यांच्या उपयोगाचं. लाल कडेचं, चांगलं जड. मंगळवार होता. मी कागद सोडून दाखवलं आणि रांग एकदम गप्प झाली. पायजमावाल्या आजी दुसरीकडे बघायला लागल्या. बोटीवरचे आजोबा खोकले. लाओशनी घड्याळ माझ्या हातातून घेतलं, काखेत धरलं, खिशात हात घातला, एक युआनचं नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी घट्ट मिटली. मी उघडायला गेले तर उघडू देईनात.

अद्वैत, मला इतकं लागलं ते! चार वर्षांचं नातं आणि बाईनं माझ्या हातावर एक रुपया ठेवावा तसं नाणं ठेवलं. जणू हिशेब चुकता केला, आता तुझं माझं काही देणं लागत नाही. घरी येऊन खोकी भरताना मी रडले, बाबांना सांगितलं डोकं दुखतंय. ते नाणं फेकवलं नाही. शेवंतीचं फूल आहे त्याच्यावर. देवघराच्या खणात, सुट्ट्या अक्षतांच्या डबीत पडून राहिलं. त्यानंतर त्यांनी बोटीवरच्या आजोबांच्या फोनवरून वीचॅटवर दोनदा फोटो पाठवले, रांगेचे. मी अंगठा दाखवून सोडून दिलं.

सहा वर्षांनी तू सोफ्यावरून सोंग जोंग म्हणालास. रात्री मी तुमच्या नकळत आजोबांना लिहिलं, क्षमा करा, मला घड्याळाचं माहीत नव्हतं. त्यांचं उत्तर सकाळी आलं. ते म्हणाले, अगं म्हणूनच तर तिनं ते विकत घेतलं. घड्याळ भेट म्हणून आलं तर अशुभ. एक युआन दिला की ती भेट राहत नाही, खरेदी होते. नाकारायचं नव्हतं तिला. आम्हाला वाटलं तुला कळलं. सोबत फोटो होता. गॅस आणि फ्रिज ह्यांच्या मधली भिंत, आणि तिच्यावर लाल कडेचं घड्याळ. खाली लिहिलं होतं, दहा मिनिटं पुढे ठेवते, पार्कात उशीर होऊ नये म्हणून.

मला ह्याचं उत्तर नीट चिनीत द्यायचं होतं, तुझ्याकडून लिहून घेऊन. तू तेव्हा परीक्षेत होतास. मग मी म्हटलं नवीन वर्षाला लिहू. मग साथ आली. आणि २०२०च्या जूनअखेर आपल्या सरकारनं त्या एकोणसाठ ॲपवर बंदी घातली, त्यांत वीचॅट गेलं. फोटो त्याच फोनमध्ये होता, तो फोनही गेला. पत्ता माझ्याकडे कधीच नव्हता. लागलाच नव्हता, चिनाराखाली गेलं की त्या असायच्याच. त्यांना आता शहात्तर झाली असतील. बोटीवरचे आजोबा त्यांच्याहून बरेच मोठे होते.

आता थेट विमानं पुन्हा सुरू झाली आणि तू चालला आहेस, सहा महिन्यांसाठी का होईना.

तर ऐक. बाकरवडी ने, त्यांचे दात कसे असतील कुणास ठाऊक, पण रांगेत खाणारे असतील. चिक्की ने, शेंगदाण्याची तिकडेही असते, तुलना करायला त्यांना मजा येईल. छत्री नको, उच्चार विखुरण्याचा होतो, हे मी आता वाचलंय. पांढरी फुलं नकोत. पेअर नकोत. जे देशील ते दोन्ही हातांनी दे, आणि त्या दोनदा-तीनदा नको म्हणतील, तेव्हा नको म्हणजे नको असं समजून परत आणू नकोस. तुझ्या बाबांनी पहिल्या वर्षी तेच केलं होतं. आणि त्यांना सांग की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर नऊ जणी आहेत, मंगळवार-शुक्रवार, फी नाही, पत्र्याचा डबा आहे. कुलकर्णीकाकू कोपर वर नेतात, मी एका बोटानं खाली करते. कुणी विचारलं की ह्यानं काय बरं होतं, तर मी सांगते, आधी डॉक्टरकडे जाऊन या.

लाओश नसल्या तर जो कुणी पुढे उभा असेल त्याला हेच सांग.

अक्षतांच्या डबीतलं नाणं मी लहान पाकिटात घालून तुझ्या निळ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवणार आहे. ते त्यांना फक्त दाखवायचं. त्यांनी हातात घेतलं तर बघू दे, पण परत घेऊन ये. आठवणीनं परत घेऊन ये, कारण ते त्यांच्याकडे राहिलं तर घड्याळ पुन्हा भेट होईल.

सातच्या आत पोच, साडेसातला त्या सुरू करतात. डिसेंबरातली तिथली थंडी ओली असते, हाडात शिरते, कानटोपी घाल. आणि नुसता बघत बाकावर बसू नकोस.

तुझी,
आई